येतं ते सगळं वाजवायचं नसतं!

कॉलेजच्या सेकंड इयरला असताना मी बँडच्या ऑडिशनला गेले होते. दोन वर्षं गिटार क्लास केलेला, सगळ्या स्केल्स पाठ, बोटं भराभर पळायची. मला सोलोसाठी मोजून एक मिनिट मिळालं. त्या एका मिनिटात मला जे जे येत होतं ते सगळं मी ओतलं. थांबले तेव्हा हॉलमध्ये शांतता. मग ड्रम्सवर बसलेला सीनिअर म्हणाला, ‘‘छान. पण सोलो कधी सुरू करणारेस?’’

सगळे हसले. मीही हसले. रूमवर येऊन मात्र भरपूर रडले.

त्याच आठवड्यात क्लासच्या सरांना हा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. एक पेनड्राइव्ह हातात ठेवून म्हणाले, ‘‘आठवडाभर गिटारला हात लावायचा नाही. फक्त हे ऐकायचं.’’ पेनड्राइव्हमध्ये एकच अल्बम होता. रॉबेन फोर्ड नावाच्या अमेरिकन गिटारिस्टचा, १९८८ सालचा ‘टॉक टू युअर डॉटर’. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकताना वाटलं, यात काय एवढं? तीन कॉर्ड्सची तर गाणी आहेत! चौथ्या-पाचव्या वेळी कुठे कळायला लागलं की गंमत वेगळीच आहे. या माणसाला वाजवता खूप काही येत होतं आणि तो ते वाजवत नव्हता.

आधी थोडं ब्लूजबद्दल

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं संगीत. गुलामगिरीतून सुटलेल्या आणि तरीही कापसाच्या शेतात राबणाऱ्या माणसांच्या पिढ्यांमधून ते उभं राहिलं. विसाव्या शतकात लाखो कृष्णवर्णीय कामाच्या शोधात उत्तरेकडच्या शहरांत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांची गाणीही गेली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आला. शिकागोच्या गजबजलेल्या बारमध्ये साधी लाकडी गिटार कुणाला ऐकू जाणार? मग गिटारला वायर लागली, अ‍ॅम्प्लिफायर आला. आज आपण ज्याला इलेक्ट्रिक ब्लूज म्हणतो तो असा गरजेतून घडला.

त्याचा सांगाडा अगदी सोपा. चार-चार मात्रांचे बारा ‘बार’, की झालं एक आवर्तन. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिले चार बार ‘सा’च्या घरात राहायचं, मग दोन ‘म’च्या घरात, पुन्हा दोन ‘सा’कडे, एक ‘प’, एक ‘म’ आणि शेवटचे दोन परत ‘सा’च्या घरी. गिटारिस्टचा रोजचा स्केलही पाच सुरांचा : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी राग ऐकणाऱ्यांना हे सूर ओळखीचे वाटतील. आणि ब्लूजचा खरा जीव असतो तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या फटीत. तिथे पोहोचायला गिटारिस्ट तार आडवी ओढतो, सतारिया मींड घेताना ओढतो तशीच.

म्हणजे शिकायला एक महिना पुरे. आणि इथेच लोचा आहे. जे महिन्याभरात येतं, त्यात आयुष्यभर काय वाजवायचं?

बावीस वर्षांचा गिटारिस्ट

रॉबेन फोर्ड १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या वुडलेक नावाच्या छोट्या गावात जन्मला. वडील चार्ल्स हौशीनं गिटार वाजवायचे. रॉबेननं आधी सॅक्सोफोन धरला आणि तेराव्या वर्षी गिटार, तीही स्वतःची स्वतः. माइक ब्लूमफिल्डसारख्या ब्लूज वाजवणाऱ्यांचं वेड होतंच, पण कानात जाझचे सॅक्सोफोनवालेही होते. त्याची तालीम कुठल्या मोठ्या कॉलेजात झाली नाही. रेकॉर्ड ऐकायची, आपल्याहून तयार माणसांच्या शेजारी उभं राहून वाजवायचं, असं ते शिक्षण होतं. भाऊ पॅट्रिक ड्रम्सवर, दुसरा भाऊ मार्क हार्मोनिकावर. तिघांनी मिळून बँड काढला आणि त्याला नाव दिलं वडिलांचं, ‘चार्ल्स फोर्ड बँड’. (आपल्याकडे किती पोरांनी बँडला बाबांचं नाव दिलंय?)

पुढे चार्ली मसलव्हाइट आणि जिमी विदरस्पून या ब्लूजमधल्या मोठ्या नावांबरोबर तो वाजवू लागला. तिथून टॉम स्कॉटच्या ‘एल. ए. एक्स्प्रेस’ या जाझच्या वळणाच्या बँडमध्ये गेला. हा बँड जोनी मिचेल या गायिकेला साथ करायचा. तिच्या गाण्यांतले कॉर्ड्स म्हणजे भुलभुलैया. ब्लूजच्या तीन घरांत वाढलेल्या पोराला अचानक वाड्याच्या पंचवीस खोल्यांत सोडून द्यावं तसं ते असणार.

आणि मग आलं १९७४. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उत्तर अमेरिकेचा दौरा काढला. एकाच कार्यक्रमात एकीकडे त्याचा रॉक बँड आणि दुसरीकडे पं. रविशंकर यांचा वाद्यवृंद. त्या वृंदात कोण होतं बघा : तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, संतूरवर शिवकुमार शर्मा, सारंगीवर सुलतान खाँ आणि गायला लक्ष्मी शंकर. यातले बरेचजण तेव्हाही मुंबईच्या संगीतविश्वातली रोजची नावं होती. हॅरिसनच्या बँडमध्ये गिटार घेऊन उभा होता रॉबेन फोर्ड. दौरा सुरू झाला तेव्हा त्याचं वय होतं बावीस.

मी आज बावीस वर्षांची आहे. हे वाचलं तेव्हा आधी पोटात गोळा आला, मग हेवा वाटला. आपण बावीसाव्या वर्षी इंटर्नशिपचं सर्टिफिकेट कधी मिळणार याची वाट बघतोय, आणि हा रोज संध्याकाळी अल्लारखाँसाहेबांचा तबला ऐकतोय!

माइल्सच्या बँडमधून बाहेर

सत्तरच्या दशकाच्या शेवटी फोर्डनं ‘द इनसाइड स्टोरी’ हा सोलो अल्बम केला. त्यासाठी जमलेल्या वादकांमधून ‘यलोजॅकेट्स’ हा बँड उभा राहिला. कीबोर्डवर रसेल फेरांटे. जाझ फ्यूजन ऐकणाऱ्यांना या बँडबद्दल वेगळं सांगायला नको. आणि १९८६ मध्ये फोर्डला बोलावणं आलं ते थेट माइल्स डेव्हिसकडून.

माइल्सच्या बँडमध्ये जागा मिळणं म्हणजे जाझवाल्यांसाठी शेवटची परीक्षा पास होणं. त्याच्याकडून पुढे गेलेल्या वादकांची यादी काढली तर जाझचा अर्धा इतिहास होतो. फोर्ड तिथे काही महिने राहिला आणि बाहेर पडला. दोन वर्षांनी स्वतःच्या नावानं अल्बम आणला तो चक्क ब्लूजचा! तीन कॉर्ड्सकडे परत.

घरी आपण असं काही केलं तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. ‘‘अरे, इतकं शिकलास ते काय यासाठी?’’ हा डायलॉग ठरलेला. मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता. इतकं सगळं येत असताना मागे का फिरायचं?

उत्तर अल्बममध्येच आहे. तो मागे फिरलेला नाही.

चौथ्या बारमधली फोडणी

‘टॉक टू युअर डॉटर’मधली बरीच गाणी जुनी आहेत. ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ अल्बर्ट किंगनं १९६७ मध्ये गाजवलेलं. ‘हेल्प द पूअर’ बी. बी. किंगचं. ड्यूक एलिंग्टनची चाल असलेलं एक गाणं आहे, म्हणजे जाझच्या घरातून ब्लूजच्या घरी आलेला पाहुणा. फेरांटेनं रचलेली ‘रेव्हलेशन’ ही फक्त वाद्यांची रचना आहे. बासवर रॉस्को बेक आणि ड्रम्सवर विनी कोलायुटा. हा कोलायुटा फ्रँक झॅपाच्या अशक्य वाटणाऱ्या रचना वाजवून आलेला माणूस. म्हणजे हात दाखवायचे ठरवलं असतं तर या मंडळींनी स्टुडिओत दिवाळी केली असती.

केली नाही. विनी बहुतेक वेळ शांतपणे ताल धरून बसलेला आहे. फोर्ड एक ओळ वाजवतो आणि थांबतो. गाणारा श्वास घ्यायला थांबतो तसा. मग दुसरी ओळ, जणू पहिलीचं उत्तर. मी ऑडिशनमध्ये एका मिनिटात एकदाही थांबले नव्हते. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग नंतर ऐकलं तेव्हा हे कळलं. त्या पूर्ण मिनिटात एकही पूर्णविराम नाही.

मग त्याचं जाझ गेलं कुठे? सरांनी मला ते चौथ्या बारमध्ये दाखवलं. मघाचा सांगाडा आठवा. पहिले चार बार ‘सा’च्या घरात आणि पाचव्याला ‘म’च्या घरात पाऊल. साधा वादक चौथा बार तसाच घालवतो आणि पाचव्याला घर बदलतो. फोर्डच्या वादनात अनेकदा याच चौथ्या बारमध्ये क्षणभर काहीतरी ‘भलतंच’ वाजतं. अर्धा सूर, पूर्ण सूर, अर्धा, पूर्ण अशा पायऱ्यांचा आठ सुरांचा एक स्केल आहे, डिमिनिश्ड नावाचा. त्यातले दोन-चार सूर तो तिथे टाकतो. कोमल रिषभ, तीव्र मध्यम असे पाहुणे येतात, कान दचकतो, आता हा पडणार असं वाटतं आणि पुढच्याच मात्रेला तो अलगद ‘म’च्या घरात उतरलेला असतो. तानेत आडवाटेला गेलेला गवई बरोबर समेवर येतो तेव्हा आपण ‘क्या बात है’ म्हणतो ना, तोच आनंद.

आणि हे किती वेळ? एक बार. चार मात्रा. मोहरीची फोडणी पातेलंभर आमटीला पुरते तसं. पुढच्या काळात शिकवण्याच्या व्हिडिओंमध्ये फोर्डनं हे तंत्र स्वतः उलगडून दाखवलंय. म्हणजे लपवाछपवी काही नाही. तो स्केल मलाही आठवडाभरात पाठ झाला. तो कुठे वाजवायचा नाही, हे मात्र अजून शिकतेय.

गाणं नक्की कुणाचं?

आता एक अडचणीचा प्रश्न. कॅलिफोर्नियातला गोरा गिटारिस्ट कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवतो, मोठी कंपनी ते काढते, ग्रॅमीचं नामांकन मिळतं. ज्यांचं गाणं, त्यांना काय मिळालं?

अल्बमचं शीर्षकगीत जे. बी. लेन्वार या माणसाचं आहे. जन्म १९२९, मिसिसिपी. पुढे शिकागो. झेब्य्राच्या पट्ट्यांचा कोट घालून स्टेजवर यायचा आणि बारीक, उंच आवाजात गायचा. ‘मामा, टॉक टू युअर डॉटर’ त्यानं १९५४ मध्ये रेकॉर्ड केलं. प्रेयसीच्या आईकडेच वशिला लावणारं हे मिस्कील गाणं बऱ्यापैकी चाललंही. पण हाच माणूस कोरियातल्या युद्धावर गायला, नंतर व्हिएतनामवर आणि अलाबामातल्या अत्याचारांवर गायला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावानं केलेल्या गाण्यावरून एवढा गदारोळ झाला की गाणं नाव बदलून पुन्हा आणावं लागलं. या गाण्यांनी त्याचं पोट भरलं नाही. शेवटच्या काळात तो एका विद्यापीठाच्या स्वयंपाकघरात काम करत होता. एका कार अपघातानंतर काही दिवसांनी, १९६७ मध्ये तो गेला. वय अडतीस.

हे मला अल्बम आवडून वर्षभर झाल्यावर कळलं. लाज वाटली. शीर्षकगीत शेकडो वेळा ऐकलं होतं आणि लिहिणाऱ्याचं नाव एकदाही वाचलं नव्हतं. आपल्याकडेही हेच चालतं. तमाशाच्या बोर्डावर जन्मलेली लावणी रीमिक्स होऊन रीलवर येते, लाखो लोक नाचतात. मूळ कुणी गायली, कुणी लिहिली, विचारतो कोण?

फोर्डच्या बाबतीत एवढं म्हणता येईल की त्यानं ब्लूज रेकॉर्डवरून उचलला नाही. विशीपासून विदरस्पूनसारख्या कृष्णवर्णीय गायकाच्या मागे उभं राहून तो शिकला. आणि त्याच्या अल्बमवर लेन्वारचं नाव आहे. नाव छापलेलं असलं तरी ते वाचायचं काम मात्र आपलं. लेन्वारवर बरंच नंतर, २००३ मध्ये, विम वेंडर्स या दिग्दर्शकानं ‘द सोल ऑफ अ मॅन’ या डॉक्युमेंटरीत मोठा भाग केला. सापडली तर जरूर बघा. यामुळे फोर्डचा अल्बम कमी आवडायला लागतो असं नाही. पण पहिलं गाणं ऐकताना आता मला दोन माणसं दिसतात.

डेस्कवरचा लाल पेन

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळंच. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात मला एका छोट्या कार्यक्रमाची बातमी करायला दिली होती. मास कॉममध्ये तीन वर्षं शिकलेलं सगळं मी त्यात घातलं. पार्श्वभूमी, संदर्भ, दोन मोठी कोटेशन्स, शेवटी थोडं तत्त्वज्ञान. डेस्कवरच्या सिनिअर मॅडमनी लाल पेननं अर्ध्याच्या वर मजकूर कापला आणि म्हणाल्या, ‘‘तुला किती माहितीये ते कळलं गं. पण तिथे झालं काय?’’

मला एकदम तो ड्रमर आठवला. सोलो कधी सुरू करणारेस?

यावर मनात एक भांडणही आहे, ते लपवत नाही. कमी वाजव, कमी बोल, साधं ठेव, हा सल्ला द्यायला सोपा असतो. मुलींना तर तो जरा जास्तच मिळतो. शिवाय ज्याला काही येतच नाही तोही ‘आम्ही बुवा साधं वाजवतो’ म्हणून मोकळा होतो. फोर्डचं साधेपण तसं नाही. जोनी मिचेलचे कॉर्ड्स आणि माइल्सचा बँड पचवल्यानंतरचं ते आहे. चौथ्या बारमधले ते चार सूर टाकायचे तर आधी आठही सूर हातात लागतात. म्हणून मी स्केल्सचा रियाज सोडलेला नाही आणि संदर्भ वाचणंही सोडलेलं नाही. फक्त आता काय गाळायचं हे आधी ठरवते. रोज जमत नाही. या लेखाचाही पहिला ड्राफ्ट दुप्पट होता.

गेल्या महिन्यात ज्युनिअर्सनी जॅमला बोलावलं. ऑडिशननंतर मी कुणासमोर वाजवलंच नव्हतं. ब्लूजच धरला होता. माझी पाळी आली तेव्हा पहिल्या दोन बारमध्ये मी काहीच वाजवलं नाही, थोडं घाबरून आणि थोडं ठरवून. मग पाच सूर. मग पुन्हा थांबले. चौथ्या बारमध्ये ती फोडणी टाकायचा मोह झाला, टाकली, आणि उतरताना चुकले. सपशेल बेसूर. कुणी हसलं नाही. ड्रम्सवरच्या मुलीनं मान वर करून बघितलं आणि पुढचं आवर्तन जरा हळू आवाजात धरलं, मला जागा मिळावी म्हणून.

मी परत सुरुवात केली.

कुठून ऐकायला सुरुवात कराल?

• आधी जे. बी. लेन्वारचं मूळ ‘मामा, टॉक टू युअर डॉटर’ ऐका, मग फोर्डचं. फरक कानालाच सांगू द्या.

• ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ अल्बर्ट किंगच्या आवाजात आणि मग फोर्डच्या.

• ‘रेव्हलेशन’ रात्री, हेडफोन लावून. शब्द नाहीत, घाई नाही.

• कोणतंही बारा बारचं ब्लूज लावा आणि बोटांवर बार मोजा. चौथ्याला कान टवकारा.

• प्रत्यक्ष ऐकायचंय? बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला. पहिल्याच वर्षी तिथे शिकागोचा बडी गाय वाजवून गेला. तिकीट परवडेना तर कॉलेजच्या जॅमला जा. तिथे चुकायलाही परवानगी असते.